भेकराचं पान

पितृपक्षातल्या दशमीच्या सकाळी खेरितनं कुंपणापलीकडून हाक मारली, तेव्हा मेधाचे दोन्ही हात भरडाच्या वड्यांच्या पिठात होते. "मेधा, दोन मिनिटं येतेस का? तुझ्याच विषयातली गोष्ट आहे," तो म्हणाला. गेले पाच महिने ती ह्याच हाकेला घाबरून होती.

खेरितची नर्सरी मेधाच्या घराच्या अगदी पाठीला होती. अंगण संपलं की एक बुटकं दार, दारापलीकडे नाशपातीच्या कलमांच्या रांगा, रांगा संपल्या की तारेचं उंच कुंपण आणि त्यातलं फाटक. फाटकापलीकडे रान. पहिल्या लॉकडाऊनमध्ये माणसं चार भिंतींत कोंडली गेली, तेव्हा खेरितनं आपणहून सांगितलं होतं की माझ्या नर्सरीतून खुशाल रानात फिरायला जा, फक्त फाटक लावत जा. ह्या डच गावात, वाखनिंगनमध्ये, सतरा वर्षं काढल्यावर मेधाला एक गोष्ट कळली होती. इथला माणूस अट एकच घालतो, पण ती विसरत नाही.

हात पुसत ती गेली. खेरित रानाकडच्या रांगेपाशी उभा होता. कलमांचे कोवळे शेंडे गुडघ्याच्या उंचीपर्यंत सगळे गेले होते. काही काड्या वाकवून मोडल्या होत्या, खालची साल सोलली होती.

"ससा नाही," खेरित म्हणाला.

"नाही," मेधा म्हणाली. ससा खातो तेव्हा सुरीनं छाटल्यासारखा तिरका काप पडतो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओरबाडतं. इथे सगळ्या शेंड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या.

"म्हणून मला वाटलं, रानातलं नेहमीचं हरीण. पण हे बघ." त्यानं ओल्या मातीतला खूर दाखवला. जेमतेम सुपारीएवढा. "आपल्याकडच्या हरणाचा खूर एवढासा असतो? तू वनस्पतींची डॉक्टर आहेस. तुमच्या लोकांना ठाऊक असेल."

मेधानं खाली वाकून नीट बघितल्यासारखं केलं. खरं तर बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "बघून सांगते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"आणि हे फाटक वाऱ्यानं उघडतंय बहुतेक," खेरित म्हणाला. भला माणूस. शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी त्यानं वाऱ्यावर घेतला. तो पुढच्या रांगेकडे वळला, आणि मेधाला दिसलं की फाटकाची कडी मागे खेचून खांबाला बांधून ठेवली आहे. लाल-पिवळ्या दोऱ्यानं. नाडापुडीतला नाडा. अख्ख्या गावात असला दोरा एकाच घरात असणार, आणि त्या घरात आज श्राद्धाचा स्वयंपाक चालू होता. तिनं गाठ सोडली, नाडा मुठीत घेतला, फाटक ओढून घेतलं आणि चोरासारखी घरी आली.

*

बाबा, म्हणजे मेधाचे सासरे वासुदेवराव, एप्रिलच्या शेवटी पुण्यात गेले. त्या दिवसांत पुण्यात कोण कसं जात होतं हे सगळ्या जगाला माहीत आहे. तीन महिन्यांसाठी इकडे आलेल्या सासूबाई, जयंतीबाई, बाबांच्याच आग्रहावरून मुक्काम लांबवत राहिल्या होत्या. "इकडे काही खरं नाही, तू तिथेच बरी आहेस," असं ते दर फोनवर सांगायचे. आणि मग विमानंच थांबली. अभिराम एकुलता एक मुलगा, पण अग्नी दिला तो पुण्यातल्या चुलतभावानं, मोहननं. तोही म्हणायलाच.

दहाव्याला अभिरामनं अंगणात पान मांडलं. वाखनिंगनमध्ये कावळ्यांना तोटा नाही, विद्यापीठाच्या कचऱ्याच्या डब्यांवर त्यांचीच सत्ता असते, पण त्या दिवशी एकही फिरकला नाही. अभिराम ताटकळत उभा. आई पायरीवर बसलेल्या. आणि मग बुटक्या दारातून ते आलं. कुत्र्याएवढं, तांबूस, पाठीत जरा पोक असलेलं. इकडेतिकडे न बघता त्यानं भात खाल्ला.

"बाबा आले," अभिराम म्हणाला.

नायमेखनच्या चिप कंपनीत केसाच्या हजाराव्या भागाएवढं अंतर मोजणारा माणूस! पण त्यानं ते म्हटलं, आणि आईंनी हात जोडले. मेधानं काय बघितलं होतं? आपल्या व्याख्यानातली स्लाइड. चिनी भेकर. आपल्या भेकराचं चुलत भावंड, कुणीतरी हौसेनं बागेत पाळायला आणलेलं, तिथून निसटलेलं. युरोपभर ज्याच्या नावानं धोक्याचा इशारा आहे आणि दिसलं की कळवा असं मेधा स्वतः दर वर्षी विद्यार्थ्यांना बजावते, तेच. त्या दिवशी ती मूग गिळून गप्प बसली. शोकातल्या घरात दुसरं काय करणार? पण मग रोजच पान जाऊ लागलं, आणि गप्प बसण्याची सवय लागली.

*

स्वयंपाकघरात आई गॅसपाशी उभ्या होत्या. "मेधा, खिरीत जायफळ नको हं. ह्यांना चालायचं नाही."

"आई," मेधानं मूठ उघडली, "हा नाडा."

आईंनी चष्मा वर केला. "आपल्या नाडापुडीतला. कुठे मिळाला?"

"फाटकाला बांधलेला होता. फाटक उघडं राहावं म्हणून. खेरितची एक अख्खी रांग गेली, आई."

आईंचा हात चमच्यावरच थांबला. मग गॅस बंद करून त्या म्हणाल्या, "आधी पान ठेवू या. मग काय बोलायचं ते बोल."

मेधानं त्याचा अर्थ घ्यायचा तोच घेतला, की बांधणाऱ्या आईच. तिला आईंचा रागही आला आणि दयाही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिनं पुऱ्या जरा जास्तच जोरात लाटल्या.

रॉटरडॅमहून श्रुती आली होती, अभिरामची धाकटी बहीण. नाकात काडी घालून स्वतःची टेस्ट केल्याचा फोटो तिनं ट्रेनमधूनच पाठवला होता. चौदा वर्षांची लेक आर्या शाळेतून लवकर आली होती. अभिराम धोतर नेसून खिडकीशी उभा होता. टोकोमधल्या, म्हणजे आशियाई वाणसामानाच्या दुकानातल्या, फ्रीझरमधून आणलेल्या केळीच्या पानावर आईंनी भात, वरण, वडे, आमसुलाची चटणी, खीर असं सगळं वाढलं आणि पायरीखाली ठेवलं. सगळे काचेच्या दाराआड थांबले.

बुटकं दार अभिरामनं आधीच उघडून ठेवलेलं होतं. पण त्यापलीकडचं फाटक आज बंद होतं, आणि हे फक्त मेधाला माहीत होतं. न आलं तर बरं, असं ती मनात म्हणत होती.

ते आलं. कलमांतूनच आलं, म्हणजे रात्रभर नर्सरीतच होतं. नेहमीसारखं खाली मान घालून पानापाशी गेलं. आणि त्याच्या मागोमाग, पाठीवर पांढरे ठिपके असलेलं, मांजराएवढं काहीतरी लटपटत आलं.

"ओ माय गॉड," आर्या पुटपुटली. "देअर आर टू."

"पिल्लू!" श्रुतीनं तोंडावर हात ठेवला. अभिरामचा चेहरा असा उजळला की मेधाला पुढचं बोलणं जड झालं. पण ती बोलली. आज बोलली नसती तर पुन्हा कधीच बोलू शकली नसती.

"अभि, मला कळवावं लागेल."

"आज?" तो वळलाही नाही. "आज तरी नको, मेधा."

"पाच महिने मी तेच म्हणतेय, आज नको. आता दोन आहेत. ही जात वर्षभर विते, थांबत नाही. रानात माझे अभ्यासाचे कुंपण घातलेले चौकोन आहेत ना, त्यांच्या आत वसंतात फुलं होती आणि बाहेर नुसते देठ. इंग्लंडमध्ये रानांचा खालचा मजला असाच रिकामा झालाय. झुडपं नाहीत, म्हणून झुडपात घरटं करणारे पक्षी नाहीत. आणि खेरितची कलमं तर समोर आहेत. जाऊन बघ."

"चार घास खातं बिचारं. त्यावरून एवढं?"

"वहिनी," श्रुती मध्ये पडली, "कुंपण आपण दुरुस्त करून देऊ. हरणाचं नाव कशाला काढायचं? आणि बाहेरून आलेलं म्हणून घालवायचं म्हटलं तर आपण तरी कोण आहोत? आपणही परमिटवरच आलो ना?"

"श्रुती, हा विनोद मला कॅन्टीनमध्ये दर वर्षी ऐकावा लागतो. मी कुणाची कलमं खाल्लेली नाहीत."

"पण मम्मा," आर्या म्हणाली, "यू टीच धिस. तूच सांगतेस ना, दिसलं की रिपोर्ट करा? मग यू न्यू? ऑल समर?"

मेधाला तोंडात मारल्यासारखं झालं. आपली बाजू घेणारं घरात एकच माणूस होतं, आणि तेही आधी तिलाच जाब विचारत होतं.

"कळवलंस तर काय करतील?" अभिरामनं विचारलं. आता तो वळला होता.

"पकडून सोडायला जागा नाही. गोळी घालतील."

"कुणाला?"

"अभि..."

"नाही, सांग ना. कुणाला गोळी घालतील? पाच महिने आई रोज ज्यांना पान वाढते त्यांना? तिच्या तोंडावर सांग."

मेधानं आईंकडे बघितलंच नाही. तिला वाटलं, झालं, हे घर आता आपल्याला माफ करत नाही.

"अभि," आई म्हणाल्या, "मादी आहे ती."

"पिल्लू दिसलं म्हणून आता..."

"आता नाही. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. नराला शिंगं असतात, ओठाबाहेर सुळे असतात. आजऱ्यात वाढलेल्या बाईला भेकराची मादी ओळखू येत नाही होय?"

बाहेर भेकर वडा चावत होतं.

"मग तू हात जोडलेस ते?"

"तू जेवावंस म्हणून." आई खुर्चीवर बसल्या. "दहा दिवस तू अन्नाला शिवला नव्हतास. त्या दिवशी ते खाऊन गेलं, आणि तू आत येऊन दोनदा भात घेतलास. मग मी रोज पान ठेवायला लागले. तू बघायचास आणि जेवायला बसायचास. मला दुसरं काय करता येत होतं इथे?"

अभिराम हसला, पण ते हसू नव्हतं. "आणि मी तुझ्यासाठी. मला वाटायचं, तुला तेवढाच आधार आहे. म्हणून मी फाटक..."

तो थांबला. मेधानं खिशात हात घालून नाडा चाचपला. फाटक? मग तिनं आईंकडे बघितलं, आणि सकाळी चमच्यावर थांबलेला तो हात तिला आता उलगडला. आईंनी तेव्हाच ओळखलं होतं, आणि सुनेनं आपल्याला चोर ठरवलं तरी मुलाचं नाव घेतलं नव्हतं. मेधाला तिथल्या तिथे धरणी दुभंगावी असं झालं.

"दादा, तू बांधलंस?" श्रुतीनं विचारलं.

"रोज संध्याकाळी फिरायला जायचो. येताना लावायला हात पुढे करायचो आणि मला जमायचं नाही." अभिराम जमिनीकडे बघत बोलत होता. "मोहनदादानं व्हिडिओ कॉल लावला होता ना, स्मशानातून. तुम्हाला मी सांगितलं, सगळं नीट झालं, मी बघितलं. मी काही बघितलं नाही. त्याला आत सोडलंच नव्हतं. बाहेर रांग होती. त्यानं फोन धरून ठेवला आणि मला दिसत होतं ते बंद फाटक. हिरवा रंग, गंजलेली कडी. बराच वेळ तेवढंच. मग त्याची बॅटरी संपली. बाबांचं शेवटचं दर्शन म्हणजे तेच, आई. एक फाटक."

श्रुती रडायला लागली. आर्याला सगळं मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण ती उठून बापाजवळ जाऊन उभी राहिली.

मेधाला वाटलं, संपलं. आता कोण कळवतंय? जळो ते रान. हे बोलायला तिनं तोंड उघडलंसुद्धा, पण आई आधी बोलल्या.

"आमच्याकडे भेकर नाचणीत शिरलं की घरातली पोरंसोरं पत्र्याचे डबे बडवत बांधावर जायची. मीही जायचे. वर्षाचं पीक असतं ते. खेरितच्या जागी माझे वडील असते आणि शेजाऱ्यानं मुद्दाम कडी बांधून ठेवली असती, तर त्यांनी पुन्हा त्याचं तोंड बघितलं नसतं." त्यांनी अभिरामच्या धोतराचा सुटलेला सोगा खोचून दिला, लहान असताना खोचायच्या तसा. "ऊठ. आधी त्याच्याकडे जा आणि आपल्या तोंडानं सांग. मग मेधाला तिचं काम करू दे."

*

खेरित ओरडला नाही. त्यानं दारातच सगळं ऐकून घेतलं, धोतरातल्या माणसाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "वडील गेले, हे मला माहीत होतं." मग तो मेधाकडे वळला. "सकाळी मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"बरं," खेरित म्हणाला. एरवी अशा वेळी त्याची बायको आतून कॉफीची हाक द्यायची. त्या दिवशी कुणी हाक दिली नाही.

फोन मेधानं तिथेच उभं राहून केला. प्रांतानं ह्या कामासाठी नेमलेली एक बाई होती. तिनं शांतपणे सगळं टिपून घेतलं आणि शेवटी विचारलं, ते ठरलेल्या वेळी येतं का? हो, मेधा म्हणाली. खायला येतं. मग मी येईपर्यंत खाणं बंद करू नका, ती बाई म्हणाली. रानाकडचं फाटक मात्र तोवर उघडं ठेवा, आत कोंडलं तर बिथरेल. मी आले की ते खात असताना बंद करायचं. दोन्ही मिळायला हवीत. आईविना पिल्लू रानात फार हाल होऊन मरतं.

घरी येऊन मेधानं हे जसंच्या तसं सांगितलं. श्रुती म्हणाली, "जेवायला बोलावून?" आणि वाक्य पुरं न करता आपली बॅग भरायला गेली. त्या रात्री ती राहिली नाही.

सोमवारी सकाळी हिरव्या जाकिटातली बाई आली. बोलणं कमी, चेहरा थकलेला. नर्सरीच्या कोपऱ्यातल्या शेडमध्ये ती जाऊन बसली. सगळ्यांनी घरातच थांबायचं, असं तिनं बजावलं. आर्याला मेधानं शाळेत पाठवलं होतं.

आई न्हाऊन स्वयंपाकाला लागल्या होत्या. साधा भात, वर तूप.

"आई, आज मी ठेवते," मेधा म्हणाली. "माझं काम आहे हे."

"तुझ्या हातचं ती खाणार नाही. तिला माझी सवय आहे." आईंनी पान उचललं. दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "त्या नाड्याचं मी काही मनात धरलेलं नाही. तूही धरू नकोस."

त्यांनी पान आज बुटक्या दाराच्या पलीकडे, कलमांच्या पहिल्या रांगेपाशी ठेवलं. भेकर आलं, मागे पिल्लू. आई चार पावलं मागे सरल्या. "जेव बाई," त्या म्हणाल्या. "सावकाश जेव." मग आत आल्या आणि पाठीमागे बुटकं दार लावून घेतलं.

अभिराम बूट घालून उभा होता. "नाडा कुठे आहे?"

मेधानं दिला. आपण जाऊ का, असं तिला विचारायचं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून ती माडीवर निघून गेली. तो पुढच्या दारानं गेला, सायकलींच्या रस्त्यानं वळसा घालून. माडीवरच्या खिडकीतून तिला तो रानाकडच्या बाजूनं येताना दिसला. फाटकापाशी तो थांबला. हात पुढे केला, मागे घेतला. हा आता परत फिरणार, असं मेधाला वाटलं आणि अर्धं मन म्हणालं, फिर रे. मग त्यानं फाटक ओढलं, कडी घातली आणि त्यावरून नाडा गुंडाळून गाठ मारली. कपाळ तारेला टेकवून तो क्षणभर उभा राहिला आणि आल्या वाटेनं चालू लागला.

पहिला आवाज झाला तेव्हा तो रस्त्याच्या वळणावर होता. त्यानं मागे बघितलं नाही. थोड्या वेळानं दुसरा झाला.

मेधा जिना उतरून खाली आली. स्वयंपाकघरात आई नव्हत्या. पुढचं दार सताड उघडं होतं, आणि उंबऱ्यात बादली ठेवून, हातात तांब्या घेऊन त्या उभ्या होत्या.

अभिराम आला. डोळे लाल, बुटांना चिखल. तो आत पाऊल टाकणार तोच आईंनी हात आडवा केला.

"तिथेच थांब. बूट काढ."

तो बघतच राहिला. मग त्याला कळलं, आणि त्यानं खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजे काढले. थंड फरशीवर अनवाणी उभा राहिला. आईंनी वाकून त्याच्या पायांवर पाणी ओतलं, एक तांब्या, मग आणखी एक. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडत होता, आणि आई त्याला गप्प बस म्हणत नव्हत्या.

"एप्रिलात राहिलं होतं हे," त्या म्हणाल्या. "आता ये आत."